खेळण्यांचा पसारा : तुमची पत्रं, माझी उत्तरं

मागच्या अंकात स्वयंपाकघरातल्या कपाटांबद्दल लिहिलं आणि शेवटी सहज विचारलं की घरातली सगळ्यात न आवरणारी जागा कुठली, तर निम्म्याहून जास्त पत्रं खेळण्यांवरच आली. मी 22 वर्षं बालवाडी चालवली, त्यामुळे तुम्हाला वाटत असेल हिच्या घरी सगळं कसं जागच्या जागी असेल. तसं काही नाही हो, नातू आला की आमच्याकडे पण सोफ्याखाली गाड्यांचं पार्किंग असतं. पण काही गोष्टी चुकून चुकून कळल्यात त्या सांगते.

ताई, आमचं वन बीएचके आहे, मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची. व्हिडिओ बघून झाकणाचे तीन मोठे प्लास्टिक बॉक्स घेतले, लेबलंसुद्धा लावली. पण मुलगा एक गाडी शोधायला अख्खा बॉक्स उपडा करतो, मग दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी खेळतो टीव्हीच्या रिमोटशी. रात्री दहाला मी एकटी भरत बसते. परवा ह्यांचा पाय अंधारात ब्लॉकवर पडला आणि ते जे काय बोलले ते मुलाने पाठ केलंय. काय करू? — एक आई, डोंबिवली

अगं तुझं काही चुकलं नाहीये, बॉक्स चुकलाय. मोठ्या खोल बॉक्समध्ये हवी ती वस्तू नेहमी तळाला असते, आणि साडेचार वर्षांच्या पोराने तळाची गाडी काढायची तर उपडा करण्याशिवाय तो करणार काय, मी पण तेच करीन. मोठा बॉक्स आवरायला आपल्याला सोयीचा असतो (ढकललं की झालं), खेळायला अजिबात नाही. आणि लेबलं छान आहेत पण ती वाचणार कोण, तुझी सासू?

आधी संख्या कमी कर. एका रविवारी सगळं जमिनीवर ओत, मोठ्याला सोबत बसव, आणि तीन ढीग कर. हल्ली खरंच हातात घेतात ती, सध्या विसरलेली पण चांगली असलेली, आणि तुटकी किंवा लहान झालेली. पहिला ढीग खाली ठेवायचा, दुसरा माळ्यावर, तिसरा घराबाहेर. दर पंधरा दिवसांनी माळ्यावरची पाच-सहा खेळणी खाली आणि खालची तेवढीच वर. माळ्यावरून उतरलेली जुनी आगगाडी मुलं अशी बघतात जणू मामाने आजच आणली. आम्ही बालवाडीत हे करायचो ते निव्वळ कपाट लहान म्हणून, पण 2018 साली अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या लोकांनी याच्यावर रीतसर अभ्यास केला, दीड ते अडीच वर्षांची 36 मुलं घेऊन. एकदा खोलीत फक्त 4 खेळणी ठेवली आणि एकदा 16. तर 4 असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ खेळली आणि वेगवेगळ्या तऱ्हेने खेळली. म्हणजे तुझा मुलगा रिमोटकडे जातो त्यात नवल नाही, 100 वस्तूंच्या ढिगात त्याला दिसतच नाही काही. एक मात्र लक्षात ठेव, मधेच त्याने माळ्यावरचं काही मागितलं तर "आत्ता नाही" म्हणून अडून बसू नकोस, दे काढून, बदल्यात एक वर जाऊ दे. आणि रात्री कुशीत घेऊन झोपायचं जे काही असेल, कान तुटलेला ससा असो नाहीतर तुझी जुनी ओढणी, त्याला हा नियम लागू नाही.

आता खाली ठेवायचं कशात. प्रत्येक मराठी घरात श्रीखंडाचे डबे असतातच, अर्ध्या किलोचे. एका डब्यात एकच प्रकार. गाड्या, प्राणी, डॉक्टरचा सेट, खडू. मोठ्या वस्तूंना उथळ टोपल्या किंवा भाजी ठेवायचे ते छोटे क्रेट. झाकणं काढूनच टाक, कारण झाकण असलं की मूल आईला हाक मारतं आणि आवरताना तेच झाकण अडसर होतं. लेबलच्या जागी त्या खेळण्याच्या खोक्यावरचं चित्र कापून चिकटव. आणि हे सगळं चपलांच्या जुन्या स्टँडवर मांड, खरंच सांगते, चपलांचा स्टँड धुऊन पुसून खेळण्यांना इतका चांगला बसतो, चार फळ्या, सगळ्या मुलाच्या उंचीच्या. फक्त तो भिंतीला एल-पट्टीने स्क्रू मारून घट्ट कर, तुझी धाकटी त्याला धरून उभी राहणार आणि तो स्टँड तिच्या अंगावर यायला वेळ लागत नाही. हे काम पुढच्या रविवारवर टाकू नको.

ब्लॉक्स वेगळे. ते डब्यात नकोत, जुन्या डबल बेडच्या चादरीत. चादर पसरायची, ओतायचे, खेळायचे, आणि उठताना चार टोकं धरून गाठोडं बांधायचं, झालं, ह्यांचा पाय वाचला. पण हे गाठोडं वर ठेव, डायनिंग टेबलाच्या उंचीच्या वर, कारण धाकटी दीड वर्षाची आहे. खेळण्यांच्या तपासणीत 31.7 मिलिमीटर रुंदीची म्हणजे सव्वा इंचाची एक छोटी नळी वापरतात, तिच्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाला घशात अडकायची भीती असते. गोल चेंडू असेल तर त्याहून थोडा मोठा असला तरी नको. तेव्हा साधा नियम कर, खालच्या फळ्यांवर फक्त दोघांना चालेल तेच, गोट्या-मणी-ब्लॉक सगळं वर, आणि धाकटी झोपली की दादाने काढायचं. त्याला त्यात मोठेपणा पण वाटतो.

राहिलं आवरणं. रात्री दहाला कोणीच आवरत नाही, तेव्हा मूल पण रडवेलं आणि तू पण. जेवणाआधी दहा मिनिटं, तू त्याच्याबरोबर खाली बसून, "गाड्या तुझ्या, प्राणी माझे" असं. "एक ठेवल्याशिवाय दुसरं काढायचं नाही" हा नियम पुष्कळ लोक सांगतात. मला 22 वर्षांत 30 मुलांच्या वर्गात पण तो पाळून घेता आला नाही, कारण गाड्या आणि प्राणी एकत्र असल्याशिवाय प्राणीसंग्रहालय होतच नाही ना.

कॅरमच्या सोंगट्या, ल्यूडो, बुद्धिबळ आणि चार पझल्सचे तुकडे सगळं एका पिशवीत एक झालंय. वेगळं कसं करू आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय? — ठाणे

चहा घेऊन बसा, एक तास जाईल. प्रत्येक खेळाला चेनची पिशवी आणि पिशवीवर मार्करने आकडा. कॅरम 19 (9 काळ्या, 9 पांढऱ्या, 1 राणी) आणि स्ट्रायकर वेगळा, ल्यूडो 16, बुद्धिबळ 32. खेळ संपला की मुलांनी मोजून भरायचं, मोजायला त्यांना आवडतं हो. पझलच्या प्रत्येक तुकड्याच्या मागे एक खूण, एका पझलला क, दुसऱ्याला ख, पुढे तुकडा कुठेही सापडला तरी घर कळतं. कॅरम बोर्ड ओलसर भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका, पावसाळ्यात बाक येतो, पलंगाखाली आडवा सरकवा.

चिपळूणला राहतो. पावसाळ्यात मुलीच्या सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर बुरशी आली आणि टेडींना कुबट वास मारतोय. सासूबाई म्हणतात कपाटात डांबरगोळ्या टाक. टाकू का? — चिपळूण

डांबरगोळ्या नको. खेळण्यांच्या कपाटात तर मुळीच नको. ती पांढरी गोळी मुलांना खायच्या गोळीसारखीच दिसते आणि पोटात गेली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, काही मुलांच्या रक्तात जन्मापासून एका एन्झाइमची कमतरता असते (डॉक्टर जीसिक्सपीडी म्हणतात) त्यांना तर डांबरगोळीचे कपडे घातल्यानेसुद्धा त्रास झालेला आहे. मग लोक म्हणतात, कापूर ठेवू, तो तर देवाचा. कापूर पण नको, लहान मुलाने थोडा कापूर खाल्ला तरी झटके येऊ शकतात. सासूबाईंना हे असं तोडून सांगू नका, त्यांच्या काळात सगळ्यांच्याच ट्रंकेत डांबरगोळ्या असायच्या, माझ्या आईच्या शालूला अजून तो वास आहे.

लाकडी खेळणी पाण्यात बुडवायची नाहीत, लाकूड फुगतं आणि वरचा रंग पोपडे धरतो. बुरशी कोरड्या कापडाने गॅलरीत नेऊन पुसा, घरात झटकू नका. मग थोडं व्हिनेगर आणि पाणी घेऊन कापड घट्ट पिळून पुन्हा एकदा पुसा आणि पंख्याखाली वाळवा. ऊन पडलं तर सकाळचं कोवळं, दुपारच्या कडक उन्हात लाकूड तडकतं. त्या सावंतवाडीच्या फळांच्या टोपलीतलं केळं-आंबा आमच्याकडे पण आहे, तीस-एक वर्षांचं, उन्हात विसरले तेव्हा आंब्याला चीर गेली. अजून हळहळते.

कपाट भिंतीला चिकटलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा. कोकणात बाहेरच्या भिंतीला ओल येतेच आणि बुरशी पहिली कपाटाच्या पाठीला लागते. पावसाळ्याचे चार महिने लाकडी खेळणी बंद डब्यात ठेवू नका, उघड्या फळीवर हाताळली जात असली की बुरशी धरत नाही. वासासाठी कोळशाचे तुकडे सुती कापडात घट्ट बांधून वरच्या फळीवर ठेवा, मुलीचा हात पोचणार नाही असे.

टेडींचं सांगते. उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधून मशीनला लावा, गरम पाणी चालत असेल तर 60 अंशाला, त्यात धुळीतले बारीक किडे मरतात. ज्याला गरम पाणी चालत नाही तो पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये एक दिवस-रात्र ठेवायचा आणि मग धुवायचा. धुवायचा हं, कारण किडे मेले तरी शिंका आणणारं जे असतं ते आतच राहतं. (फ्रीजर उघडल्यावर मटारच्या शेजारी अस्वल बघून आमचे हे दचकले होते.) वाळलाय असं वरून वाटलं तरी पोट दाबून बघा, आत ओला राहिला की पुन्हा तोच वास. आणि आंघोळीची ती पिचकारीवाली रबरी बदकं पावसाळ्याआधी एकदा बादलीत दाबून बघा, आतून काळं काही निघालं तर सरळ टाकून द्या, ते साफ होत नाही.

नमस्कार. नातू सुट्टीत येतो म्हणून त्याच्या सेलवरच्या गाड्या मी आमच्या जुन्या लोखंडी ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या. यंदा काढल्या तर सेल गळून आत पांढरी पूड झालेली, एकही चालेना. ट्रंक चांगली आहे, तीच वापरायची आहे. — एक आजोबा, सांगली

काका, ट्रंकेचा दोष नाही, सेल काढायचे राहिले. गाडी दोन-चार आठवडे पडून राहणार असेल तर सेल बाहेर. ती पूड हाताला-डोळ्याला लागू देऊ नका, रबरी हातमोजे घाला, कानात घालायची कापसाची काडी व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून पट्ट्या पुसा, फसफसेल जरा, मग कोरड्या काडीने पुसून एक दिवस उघडं ठेवा. निम्म्या गाड्या पुन्हा चालतील असा माझा अंदाज. ज्या चालणार नाहीत त्या भंगारवाल्याच्या पोत्यात नकोत, सेलवरची खेळणी आता ई-कचऱ्याच्या नियमांत येतात, ई-कचरा घेणारे असतील तिथे द्या.

पण काका, मला जास्त काळजी बटन सेलची आहे, घड्याळात असतो तो चपटा गोल. गाणी म्हणणारी पुस्तकं, चमकणारे भोवरे, सेलवरच्या मेणबत्त्या, सगळ्यात तोच असतो. मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आत भाजून जखम होऊ शकते, वरून काही कळत नाही, मूल नुसतं लाळ गाळतं किंवा जेवत नाही. नुसता संशय आला तरी उलटी वगैरे करवत बसायचं नाही, थेट एक्सरेची सोय असलेल्या हॉस्पिटलात. म्हणून सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल ते खेळणं घरात ठेवूच नका, आणि नवीन घेताना आयएसआयचा शिक्का बघा, 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे खेळण्यांना तो सक्तीचा आहे. जत्रेत कोण बघतं म्हणा, पण आपण बघायचं.

आणि ट्रंक. ठेवा वापरात, पण दोन कामं करून. एक, कडी-कोयंडा काढून टाका, लपाछपीत मुलं ट्रंकेत बसतात आणि वरून कडी पडली तर आतून उघडत नाही, हवाही नसते. दोन, त्या झाकणाला मधे कुठेही थांबेल असा आधार लावून घ्या, सुतार लावून देतो, नाहीतर वाकून खेळणं काढणाऱ्या पोराच्या मानेवर ते लोखंडी झाकण येईल. सगळ्यात सोपं म्हणजे झाकणच उतरवा आणि वर जुनी गोधडी टाका. छान दिसतं.

आजीची पितळी भातुकली माझ्याकडे आली. बंब, घंगाळ, चूल, पाटा-वरवंटा, पंचपाळं, अगदी बोटाएवढी सांडशीसुद्धा. नवरा म्हणतो काचेच्या कपाटात मांडू. मुलगी सहा वर्षांची, तिला खेळायचंय. — पुणे

खेळू दे की! तुमच्या आजीने ती कपाटात मांडायला घेतली नव्हती. हवं तर बोटाएवढी सांडशी, पंचपाळ्यातल्या चिमुकल्या वाट्या, हरवतील असे चार-पाच नग काचेत ठेवा, नवऱ्याचा मान राहील, बाकीचं एका पत्र्याच्या डब्यात तिच्या ताब्यात. खेळताना त्यात कोरडा खाऊ चालतो, चुरमुरे, डाळं, गूळ, दाणे. ताक, चिंचेचं पाणी, लिंबू सरबत त्यात नको, कल्हई नसलेल्या पितळेत आंबट कळकतं आणि पोट बिघडतं. एखादं-दुसरं भांडं खरंच वापरायचं असेल तर कल्हईवाला शोधा, पुण्यात तुम्हाला तांबट आळी आहे, आम्हाला इथे कल्हईवाल्याची हाक ऐकून वर्षं झाली. तुटलेल्या नगांच्या जोडीला तुळशीबागेत नवीन मिळतात, पण वजनाने हलके, हातात घेतलं की कळतं.

घासायला चिंच आहेच, नंतर स्वच्छ धुऊन लगेच कोरडं करायचं, ओलं राहिलं की हिरवं धरतं. वर्षभरासाठी ठेवायची वेळ आली तर जुन्या सुती साडीच्या तुकड्यात एकेक नग गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो. डब्याच्या झाकणाला आतून सगळ्या नगांची यादी चिकटवा, मुलीलाच लिहायला सांगा. घंगाळ म्हणजे काय हे तिला त्या निमित्ताने विचारावं लागेल तुम्हाला, आणि तुम्हाला बहुतेक तुमच्या आईला.

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे दरवर्षी फुटतात. — नाशिक

अंड्यांचे ट्रे. एका खळग्यात एक मावळा, वरून दुसरा ट्रे उलटा, सुतळीने बांधा. महाराज सिंहासनासकट मोठे असतात, त्यांना वेगळं खोकं आणि भोवती कापूस. ठेवण्याआधी किल्ल्याची माती झाडून दोन दिवस वाळवा, अळीव उगवलेल्या ओल्या मातीसकट ठेवले की पुढच्या वर्षी रंग ट्रेला आणि मावळा पांढराफटक.

मुलाच्या वाढदिवसाला 25 मुलं आली, 25 खेळणी आली, त्यात आजी-आजोबा दर महिन्याला काहीतरी आणतात. नको म्हटलं की रुसतात. जागा कुठून आणू? — पिंपरी

25 पैकी पाच उघडा, बाकीची कागदासकट कपाटाच्या वर, महिन्याला एक. मी तर म्हणते त्यातली पाच-सात न उघडता जवळच्या अंगणवाडीत द्या, कोरी, खोक्यासकट. आपण तिथे नेहमी चाक निघालेली गाडी देतो आणि दान केलं म्हणून समाधान मानतो, ते मला कधीच पटलं नाही. आजी-आजोबांना "आणू नका" असं म्हणू नका, "तुमच्याकडेच ठेवा" म्हणा. त्यांच्या घरी एक डबा करू दे, नातू गेला की तो उघडायचा. तुमची जागा वाचली, आणि नातू तिकडे जायला मागे लागेल. रुसवा दोन दिवसांत जातो, अनुभवाने सांगते, मी आता त्या आजीच्या बाजूला आहे.

मी चौथीत आहे. माझ्याकडे एक डबा आहे त्यात दगड, शंख, गुंजा, चिंचोके, पिसं, बाटल्यांची बुचं, काडेपेटीची चित्रं आणि दोन चाव्या आहेत. आई त्याला कचरा म्हणते आणि दर दिवाळीला फेकायला बघते. ते कचरा आहे का? — (नाव छापू नका, आई वाचते)

नाही रे. ताराबाई मोडक म्हणून एक मोठ्या बाई होत्या, त्यांनी 1945 साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या बरोबर होत्या, पुढे ते कोसबाडला गेलं. महागडी विकतची साधनं परवडायची नाहीत तर त्यांनी शंख-शिंपले, बिया, दगड, पानं हीच साधनं केली, त्याच्यावर मुलं मोजायला शिकली, लावायला शिकली. म्हणजे तुझ्या डब्यात अख्खी शाळा आहे असं आईला सांग, नाहीतर हे पानच उघडं ठेव टेबलावर.

पण तुझ्याकडून पण काही हवं. मिठाईचा कप्पे असलेला रिकामा बॉक्स मिळाला तर घे, प्रत्येक कप्प्यात एक जात, म्हणजे आईला ते ढीग न दिसता संग्रह दिसेल. एकच बॉक्स, भरला की नवीन घ्यायला जुनं एक काढायचं, कुठलं ते तू ठरवायचं, आईने नाही. गुंजा मात्र आजच बाहेर काढ, दिसायला सुंदर असतात पण चावून पोटात गेल्या तर भयंकर विषारी, आणि घरात लहान भावंडं असतील तर विचारूच नको. आईच्या हातात दे, ती नीट टाकेल. पिसं उन्हात ठेव दोन दिवस. चाव्या कुठल्या आहेत ते बाबांना एकदा विचारून घे, आमच्याकडे गोदरेजच्या कपाटाची चावी अशीच तीन वर्षांनी सापडली होती.